समोरासमोर: नीट एमडीएसच्या उजळणीची वही

नीट एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. तिला २४० प्रश्न आणि ३ तास. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. भागाकार केला तर एका प्रश्नाला ४५ सेकंद येतात. एवढ्या वेळात बसून विचार करता येईल असे प्रश्न थोडेच असतात. बाकीची उत्तरं एक तर जिभेवर असतात, नाहीतर नसतात. म्हणून बीडीएसचं, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचं, शेवटचं वर्ष संपायच्या आतच सगळे वन-लायनरच्या मागे लागतात: कोणता सिस्ट कुठे होतो, कोणता इंडेक्स कुणाचा, कोणतं छिद्र कोणत्या नसेचं. मीही लागले होते. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात इंटर्नशिप चालू होती. सकाळी ओपीडी, संध्याकाळी उजळणी. शेवटच्या काही महिन्यांत ती उजळणी मी ज्या पद्धतीनं केली, तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे. गोव्यात दंत महाविद्यालय एकच, त्यामुळे आपली बॅच लहान आणि तयारी करणारी मुलं त्याहून कमी. कुणी अनुभव सांगितला तर पुढच्याला खरोखर उपयोग होतो.

वन-लायनर विषयवार वाचले की वाचताना सगळे येतात आणि पर्याय समोर आले की सरकतात. प्रश्न काढणारा माणूस चुकीचे पर्याय कुठून तरी लांबून आणत नाही, बरोबर उत्तराच्या शेजारचेच घेतो. मग आपण ती शेजारची गोष्टही तेवढ्याच पक्केपणानं ओळखायला हवी. हे ध्यानात आल्यावर मी एक लांबट वही घेतली. डाव्या पानावर एक गोष्ट, उजव्या पानावर तिच्यासारखी दिसणारी दुसरी. विषयांचा क्रम नाही, पुस्तकांचा नाही. ज्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात त्या समोरासमोर. आणि खाली एकच ओळ: यांच्यात फरक नेमका कुठे पडतो.

इंडेक्सचं पान घ्या. इंडेक्स म्हणजे हिरड्यांचं किंवा दातांच्या स्वच्छतेचं मोजमाप. त्यासाठी इथे ठरावीक सहा दात बघतात आणि प्रत्येक दाताला दोन आकडी क्रमांक असतो. रॅमफ्योर्डचे दात १६, २१, २४, ३६, ४१, ४४. सिलनेस आणि लो यांच्या प्लाक इंडेक्सचे (दातांवरच्या चिकट थराच्या मोजमापाचे) दात १६, १२, २४, ३६, ३२, ४४. वेगवेगळ्या दिवशी पाठ केले तर हे बारा आकडे आयुष्यभर छळतील. समोरासमोर लिहिले की दिसतं, १६, २४, ३६ आणि ४४ दोन्हीकडे तेच आहेत. फरक फक्त पुढच्या दातांचा. रॅमफ्योर्ड मधले पटाशीचे दात घेतो, प्लाक इंडेक्स कडेचे, तेही जबड्याच्या दुसऱ्या बाजूचे. बाराऐवजी लक्षात ठेवायची गोष्ट एकच उरली. तिसरा शेजारी ओएचआय-एस, तोंडाच्या स्वच्छतेचा सोपा केलेला इंडेक्स: १६, ११, २६, ३६, ३१, ४६. त्यात उपदाढ एकही नाही. वरच्या दाढांची गालाकडची बाजू बघायची, खालच्या दाढांची जिभेकडची, आणि पुढच्या दोन दातांची ओठाकडची. नावांचंही तसंच. गिंजायव्हल, म्हणजे हिरड्यांचा, इंडेक्स लो आणि सिलनेस यांचा, १९६३ चा. प्लाक इंडेक्स सिलनेस आणि लो यांचा, १९६४ चा. त्याच वर्षी ग्रीन आणि व्हर्मिलियन यांनी ओएचआय-एस मांडला, आणि त्यांचा मूळ ओएचआय १९६० चा. हे सगळं एका पानावर मावलं.

पण सगळ्याच गोष्टी अशा नुसत्या शेजारी ठेवून सुटत नाहीत. आकड्यांना कारण लागतं. फ्लोराइडच्या पानावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि ते पान मला आजही सगळ्यात जवळचं वाटतं.

दातांवर लावायच्या फ्लोराइडचे चार आकडे असतात. २ टक्के सोडियम फ्लोराइड म्हणजे सुमारे ९,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), ८ टक्के स्टॅनस फ्लोराइड म्हणजे सुमारे १९,४००, एपीएफ (आम्लयुक्त फॉस्फेट-फ्लोराइड) जेल १.२३ टक्के म्हणजे १२,३००, आणि ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश म्हणजे २२,६००. पाठ करायला गेलं तर हे आकडे एकमेकांशी भांडतात. ८ टक्क्यांचं १९ हजार आणि ५ टक्क्यांचं २२ हजार, हे कसं? म्हणून मी अणुभार घेऊन बसले. सोडियम फ्लोराइडचा रेणुभार ४२, त्यात फ्लोराइड १९, म्हणजे ४५ टक्क्यांच्या जरा वर. ५ टक्क्यांचे २.२६ टक्के झाले, म्हणजे २२,६०० पीपीएम. २ टक्क्यांचे ०.९. कथील जड, त्यामुळे स्टॅनस फ्लोराइडमध्ये फ्लोराइडचा वाटा चोविसेक टक्केच, आणि ८ टक्क्यांचे साधारण १.९४ होतात. एपीएफला मात्र ही गुणाकाराची भानगड नाही, कारण तिथले १.२३ टक्के मुळात फ्लोराइड आयनचेच आहेत. मीठ वेगळं आणि आयन वेगळा, एवढा फरक कळल्यावर चारही आकडे कोऱ्या कागदावर मांडता यायला लागले. आता विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही.

आणि तिथून पुढचा प्रश्न आपोआप उघडतो. फ्लोराइडची धोक्याची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम. १० किलोच्या लेकराला ५० मिलिग्रॅम. एपीएफ जेलच्या एका मिलिलिटरमध्ये १२.३ मिलिग्रॅम असतं, म्हणजे चारेक मिलिलिटर गिळलं की मूल त्या रेषेवर पोचतं. व्हार्निशची तीव्रता जवळजवळ दुप्पट, पण ते लागतं अर्धा मिलिलिटर, म्हणजे ११ मिलिग्रॅम, आणि ते दाताला चिकटून बसतं. लहान मुलांना व्हार्निश का लावतात आणि जेलचा ट्रे देताना सक्शन तोंडातून का हलवायचं नाही, हे मला बालदंत विभागात कुणीतरी बजावून सांगितलं होतंच. पण ते सांगणं आणि हा हिशेब या दोन गोष्टी वहीतच एकत्र आल्या.

भूल देण्याच्या औषधाचंही असंच. आपल्याकडे लिग्नोकेन २ टक्के, १:८०,००० अ‍ॅड्रेनलिनसह. २ टक्के म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनलिनसह कमाल मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅम, एकूण ५०० च्या आत. नुसतं असेल तर ४.४, एकूण ३०० च्या आत. ५० किलोच्या बाईला ७ च्या हिशेबानं ३५० मिलिग्रॅम, म्हणजे साडेसतरा मिलिलिटर. इथे बरेच जण थांबतात. पण १:८०,००० म्हणजे मिलिलिटरला साडेबारा मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रेनलिन, आणि धडधाकट माणसाला त्याची मर्यादा ०.२ मिलिग्रॅम. ती १६ मिलिलिटरवरच संपते, लिग्नोकेनच्या आधी. हृदयाचा त्रास असलेल्याला मर्यादा ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे ३.२ मिलिलिटर, दोन ब्लॉकांच्या (नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनांच्या) आसपासच. हे गणित मी प्रथम केलं तेव्हा ओपीडीतली ती शेवटच्या खुर्चीवरची म्हातारी माणसं आठवली. ‘बायपास झालीय’ असं ती सहज बोलता बोलता सांगून जातात. परीक्षेसाठी म्हणून पाठ करतो त्यातलं कितीतरी थेट त्यांच्या अंगावर जाणारं असतं.

दातांची मॉडेलं ओततात त्या जिप्समबद्दल थोडक्यात. १०० ग्रॅम पावडरला रासायनिकदृष्ट्या १८.६ मिलिलिटर पाणी पुरतं. प्लास्टरला ४५ ते ५०, स्टोनला २८ ते ३०, डाय स्टोनला २२ ते २४ लागतं, कारण प्लास्टरचे कण सच्छिद्र आणि वेडेवाकडे असतात. जास्तीचं पाणी उडून जातं आणि पोकळ्या राहतात. पाणी जितकं जास्त तितकं मॉडेल ठिसूळ, एवढ्या एका धाग्यावर सगळे आकडे ओवले जातात.

आता सुपारी.

आमचं घर फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या बाजूला. कुळागर आहे. पोफळी, माड, मिरवेल, थोडी जायफळं. डिसेंबर-जानेवारीत अंगणात सुपारी वाळत असते आणि माझं अभ्यासाचं टेबल त्या अंगणाकडच्या खिडकीला. ओरल सबम्युकस फायब्रोसिसचं, म्हणजे तोंडातलं अस्तर ताठर होत जाणाऱ्या आजाराचं, पान मी त्या टेबलावर लिहिलं. श्वार्त्झनं १९५२ मध्ये केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये हा आजार वर्णिला. अरेकोलिन तंतुपेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावतं, सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेजला चेतवतं आणि कोलॅजनच्या दोऱ्या आडव्या-उभ्या बांधल्या जातात, टॅनिनमुळे त्या विरघळेनाशा होतात. तोंड उघडणं कमी कमी होत जातं. सतरा वर्षं पाठपुरावा केलेल्या एका भारतीय अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांत कर्करोग झाला, आणि परीक्षेत हाच आकडा विचारतात. २००४ मध्ये आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत, टाकलं.

हे शेवटचं वाक्य मी मोठ्यानं म्हणत होते. बाबा ओटीवर सुपारी सोलत बसले होते. ते म्हणाले, “बाय, नुसती सुपारी? तंबाखू नसताना?”

मी म्हटलं, “हो बाबा, नुसती.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. आजोबांच्या वेळेपासून या झाडांवर घर चाललंय, माझी फीसुद्धा. मला त्यांना दुखवायचं नव्हतं आणि खोटंही सांगायचं नव्हतं. मी त्यांना तंतूंचं सगळं समजावलं, आमच्या भाषेत, कागदावर आकृती काढून. मग त्यांना खुर्चीवर बसवलं, टॉर्च घेतला, पट्टी घेतली. तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर ३५ मिलिमीटरच्या वर असलं की आजाराचा पहिला गट, १५ च्या खाली गेलं की शेवटचा. बाबांचं व्यवस्थित होतं. गालाच्या आतून बोट फिरवून बघितलं, पट्टे लागत नव्हते. जेवणानंतरचं सुपारीचं खांड त्यांनी त्या आठवड्यापासून सोडलं. कुळागर आहे तसंच आहे आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न माझ्या एका वहीत सुटणारा नाही. पण त्या पानावरची एकही ओळ मला पुन्हा वाचावी लागली नाही, आणि पुढे ओपीडीत ‘तिखट खाल्लं की जळतं’ म्हणणारा पंचविशीतला मुलगा आला तेव्हा त्याच्याशी काय आणि कसं बोलायचं हेही मला ठाऊक होतं. ओरडायचं नाही, आकृती काढायची.

वहीचा आणखी एक भाग मी लाल पेननं केला होता. काही गोष्टी बदललेल्या असतात आणि जुन्या नोट्समध्ये त्या जुन्याच राहतात. ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट १९५६ मध्ये फिलिपसेननं नाव दिलेला जबड्यातला सिस्ट (पोकळ गाठ). २००५ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात तो ट्यूमर झाला, २०१७ मध्ये पुन्हा सिस्ट. त्यामुळे सीनियरकडून आलेली नोट कोणत्या सालची हे आधी बघायचं. पेरिओचं, म्हणजे हिरड्यांच्या आजारांचं, १९९९ चं वर्गीकरण, क्रॉनिक आणि अ‍ॅग्रेसिव्ह, २०१७ च्या जागतिक कार्यशाळेनंतर मागे पडलं आणि स्टेज १ ते ४, ग्रेड ए ते सी आले. बायॉलॉजिक विड्थला (दाताला हिरडी जिथे चिकटते त्या पट्ट्याच्या उंचीला) नवीन नाव मिळालं, पण गार्जुलोचे १९६१ चे आकडे, ०.९७ आणि १.०७, बेरीज २.०४ मिलिमीटर, अजून विचारतात. तोंडाच्या कर्करोगाच्या टी स्टेजमध्ये (गाठीच्या आकारावरून ठरणाऱ्या टप्प्यात) वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीपासून गाठीच्या लांबीबरोबर खोलीही मोजतात, ५ आणि १० मिलिमीटरच्या रेषा. भूलीच्या औषधाची कमाल मात्राही जुन्या पुस्तकांत वेगळी सापडते. पीडीएफच्या पीडीएफ फिरत असतात आणि त्यांच्यावर साल नसतं, हे मला फार खटकतं. नोट करणाऱ्यानं कोपऱ्यात वर्ष लिहावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

उजळणीच्या जागा दोन. पहिली पणजीतलं पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी आहे. नव्या इमारतीतल्या वाचनकक्षात स्पर्धा परीक्षांची मुलं ओळीनं बसलेली असतात आणि त्या शांततेत आपोआप बैठक लागते. बसस्टँडपासून चालत जाता येतं, त्यामुळे बांबोळीहून येऊन दोन-तीन तास बसायचं आणि मग फोंड्याची बस पकडायची, असं चालायचं. दुसरी जागा म्हणजे ती बस. बसमध्ये वाचायचं नाही, वही बंद ठेवून आठवायचं, असा नियम मी केला होता. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत फोरामेन ओव्हेलमधून, म्हणजे कवटीच्या तळाच्या एका छिद्रातून, काय काय जातं ते म्हणायचं: मँडिब्युलर नर्व्ह, अ‍ॅक्सेसरी मेनिंजियल आर्टरी, लेसर पेट्रोसल नर्व्ह, एमिसरी व्हेन. शेजारच्या फोरामेन स्पायनोसममधून मिडल मेनिंजियल आर्टरी. अडलं तर पुलानंतर वही उघडायची.

याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. त्यामुळे वाचताना ‘हे येतं’ असं जे वाटतं त्यावर विश्वास ठेवू नका, पान झाकून बघा.

पेडण्याची माझी एक मैत्रीण याच परीक्षेला बसणार होती. रात्री जेवणं झाली की आम्ही फोनवर एकमेकींना प्रश्न घालायचो. नियम असा की प्रश्नाबरोबर तीन चुकीचे पर्यायही आपणच द्यायचे. चुकीचा पण पटणारा पर्याय शोधणं हा सगळ्यात चांगला अभ्यास होता, कारण त्यासाठी शेजारची गोष्ट नीट यावी लागते. ती म्हणायची, “अगो, आज तू मला फसवून दाखव.” दातात भरायच्या अमॅल्गमवरून आमची खूप रात्र गेली. त्यातले घटक असे: गॅमा म्हणजे चांदी-कथील, गॅमा-वन म्हणजे चांदी-पारा, गॅमा-टू म्हणजे कथील-पारा. सगळ्यात कमजोर आणि सगळ्यात आधी गंजणारा गॅमा-टू, आणि तांबं वाढवलं की तोच नाहीसा होतो. बॉन्डिंगच्या, म्हणजे दाताला भरण चिकटवण्याच्या, इतिहासावरही: ब्युओनोकोरचं अ‍ॅसिड एचिंग १९५५, त्यात ८५ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड, आणि आज वापरतो ते साधारण ३७ टक्के. पर्यायांत दोन्ही एकत्र टाकले की समोरचा अडखळतोच.

मॉक टेस्ट दिल्यावर गुण बघण्याआधी मी चुकलेले प्रश्न दोन गटांत लावायचे. जे मुळातच माहीत नव्हते ते एका बाजूला, आणि दोन पर्यायांमध्ये अडकून गेले ते दुसऱ्या. पहिला गट शेवटच्या महिन्यात मी जवळजवळ सोडून दिला. दुसरा गट वहीत गेला. गुण वाढले ते दुसऱ्या गटातून. कारण तिथे अर्धं ज्ञान आधीच होतं आणि निगेटिव्ह मार्किंगमुळे तिथला प्रत्येक निकाल पाच गुणांचा असतो, चार मिळायचे की एक जायचा.

शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही उघडलं नाही. रोज वहीचा एक भाग, पान झाकून, तोंडानं. आई म्हणायची देवळात जाऊन ये, तर मंगेशीला जाऊन आले, तिथे मात्र वही नेली नाही.

परीक्षेत काय आलं ते सांगता येत नाही. प्रश्न बाहेर सांगणार नाही, असं मान्य करूनच आपण बसतो आणि ते पाळायला हवं. एवढं सांगते की दोन पर्याय उरले की डोळ्यांसमोर वहीची दोन पानं यायची आणि खालची फरकाची ओळ आठवायची. जिथे ती ओळ आठवली नाही तिथे प्रश्न मार्क करून पुढे गेले, पंचेचाळीस सेकंदांच्या वर रेंगाळले नाही.

आता माझ्या मागच्या बॅचची एक मुलगी वही मागून घेऊन गेली आहे. मी तिला दिली, पण तिच्यावरून अभ्यास करू नकोस, ती बघून स्वतःची कर, असं सांगून. तिला बायोकेमिस्ट्रीतली व्हिटॅमिनं आणि त्यांची को-एन्झाइमं एकमेकांत मिसळतात, थायमिनचं टीपीपी आणि पायरिडॉक्सिनचं पीएलपी. माझ्या वहीत त्यावर एक ओळही नाही, कारण ती जोडी मला कधी अडली नाही. परवा तिनं तिच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. डावीकडे टीपीपी, पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज आणि ट्रान्सकिटोलेज. उजवीकडे पीएलपी आणि ट्रान्सअमिनेजेस. कोपऱ्यात वर्ष लिहिलेलं होतं.